बुद्धिबळाचा डाव शेवटाकडून वाचावा

२०२५ सालच्या जुलैच्या २८ तारखेस जॉर्जिया देशांत, काळ्या समुद्राच्या कांठच्या बाटुमी शहरीं, नागपूरच्या दिव्या देशमुख या एकोणीस वर्षांच्या मुलीनें बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, ही वार्ता आपण सर्वांनीं त्याच दिवशीं ऐकली असेल. अंतिम सामन्यांत तिच्यासमोर कोनेरू हंपी बसल्या होत्या. दिव्याचा जन्म २००५ सालचा. हंपी त्याच्या तीन वर्षें आधीं, म्हणजे २००२ सालींच, ग्रँडमास्टर झालेल्या. दोन दीर्घ डाव बरोबरींत सुटले. मग पंधरा-पंधरा मिनिटांचे जलद डाव झाले, त्यांतला पहिलाहि बरोबरींत गेला, आणि दुसरा दिव्यानें काळीं मोहरीं घेऊन जिंकला. स्पर्धेस निघतांना ग्रँडमास्टर पदवीला लागणाऱ्या पात्रतांपैकीं एकहि तिच्या पदरीं नव्हती. परंतु ही स्पर्धा जिंकणारीस ती पदवी थेट मिळते असा नियम असल्यामुळें ती त्या एकाच दिवशीं भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली.

वर्तमानपत्रांनीं तिचे आनंदाश्रू छापले, आईला मारलेली मिठी छापली, आणि तें योग्यच झालें. परंतु डाव संपल्यावर ती जें बोलली, तिकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. डावाचा शेवट आपल्याला अजून शिकावयाचा आहे, याहि डावांत शेवटीं आपण कोठेंतरी बिघडविलेंच असावें, अशा आशयाचे उद्गार तिनें काढले. विश्वचषक हातीं आलेला असतांना काढलेले हे उद्गार मला फार मोलाचे वाटतात. आमच्या पहूरसारख्या गांवींहि आतां मुलें हौसेनें बुद्धिबळें खेळतात, आणि त्यांचे पालक मजकडे येतात ते बहुधा एकच प्रश्न घेऊन येतात: "मास्तर, सुरुवातीच्या कोणत्या खेळ्या शिकवाव्या?" चार खेळ्यांत मात कशी करावी हें मुलांस कोणी शिकवावें लागत नाहीं, तें तीं गोवराप्रमाणें एकमेकांकडून घेतात. शेवट कसा खेळावा हें मात्र कोणी विचारीत नाहीं. माझें म्हणणें असें कीं, पटावरील कोणतीहि स्थिति पारखावयाची तर ती शेवटाकडून पारखावी, आणि शिकवावयाचें तेंहि शेवटापासून शिकवावें. हें म्हणणें उलटें वाटेल. तें तसें कां नाहीं, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम घरचा खेळ आणि स्पर्धेचा खेळ यांतील भेद ध्यानांत घेऊं. ओट्यावरच्या डावांत चार जण मागें उभे राहून सल्ला देतात, खेळी परत घेतां येते, आणि चहा आला म्हणजे डाव तसाच राहतो. पाचोऱ्याहून जामनेरास जाणारी अरुंद रुळांची छोटी गाडी जोंवर चालू होती, तोंवर पहूरच्या स्थानकांत डाव मांडणारांस गाडी येण्याची वेळ हेंच काय तें घड्याळ असे. आणि ती गाडीहि फारशी घाई करणारी नव्हती. स्पर्धेंत हाताळलेलें मोहरें हलवावेंच लागतें. सामान्यतः प्रत्येक खेळी स्वतःच्या हातानें कागदावर लिहावी लागते. बोलावयाचें नाहीं, आणि शेजारीं दोन तोंडांचें घड्याळ सारखें चालू असतें. हें घड्याळ १८८३ सालीं लंडनच्या स्पर्धेंत प्रथम आलें. त्यापूर्वीं वाळूचीं घटिकायंत्रेंहि वापरून पाहिलीं होतीं, आणि त्याच्याहि पूर्वीं एकेका खेळीला तास घेणारे महाभाग होतेच.

आजच्या बहुतेक मोठ्या स्पर्धांत प्रत्येकास दीड तास, आणि शिवाय दर खेळीमागें तीस सेकंद मिळतात. याचा हिशेब करून पाहावा. साठ खेळ्यांचा डाव झाला तर तीस सेकंदांची भर अर्ध्या तासाची होते. म्हणजे एकेकाचे दोन तास, दोघांचे मिळून चार. आतां हे चार तास कसे खर्च होतात? पहिल्या पंधरा-वीस खेळ्यांना हाताशीं वेळ मुबलक असतो आणि डोकें ताजें असतें. डाव मध्यावर गुंतागुंतीचा होतो, तेथें वेळ वाहून जातो. आणि जेव्हां पटावर दोन राजे, एक-दोन हत्ती आणि चार-पांच प्यादीं उरतात, म्हणजे जेव्हां एका घराच्या चुकीनें सबंध डाव पालटतो, तेव्हां घड्याळांत उरलेलीं असतात तीं बहुधा तेवढींच तीस सेकंदें, आणि चौथा तास चालू असतो. सुरुवात विसरली तर विचार करून सुचूं शकते. शेवट विसरला तर विचार करावयास अवधिच नसतो. म्हणून जें पाठ असावयास हवें तें शेवटाचें ज्ञान, सुरुवातीचें नव्हे.

अर्ध्या गुणाची किंमत काय, हेंहि सांगितलें पाहिजे. डाव जिंकला कीं एक गुण, बरोबरी झाली कीं अर्धा. शंभर खेळाडूंनीं प्रत्येकानें प्रत्येकाशीं खेळावयाचें म्हटलें तर ४,९५० डाव होतील आणि नव्याण्णव फेऱ्या लागतील. हरला तो बाद, अशी रीत ठेवली तर दूरवरून आलेलें अर्धें मंडळ पहिल्याच संध्याकाळीं परत जाईल. यावर ज्युलियस म्युलर नांवाच्या एका स्विस गृहस्थानें तोड काढली, आणि १८९५ सालीं झ्युरिक येथें ती प्रथम वापरली गेली. ते शिक्षक होते, हें सांगतांना मला थोडा अभिमान वाटतो. या स्विस पद्धतींत कोणी बाद होत नाहीं. प्रत्येक फेरींत सारखे गुण असलेल्यांची गांठ घालतात. जिंकणारासमोर जिंकणारा, हरणारासमोर हरणारा. ५१२ खेळाडू असले आणि एकहि डाव बरोबरींत सुटला नाहीं, तर नऊ फेऱ्यांअखेर सर्वच्या सर्व डाव जिंकलेला एकच उरतो. प्रत्यक्षांत बरोबऱ्या होतात, आणि वरच्या जागेवर चार-सहा जण सारख्याच गुणांचे येऊन उभे राहतात. मग ज्याचे प्रतिस्पर्धी अधिक गुण मिळविणारे निघाले तो वरचा, अशा तऱ्हेच्या हिशेबानें क्रम लावतात. तेव्हां तिसऱ्या फेरींत सुटलेला अर्धा गुण अखेरच्या दिवशीं बक्षीस आणि रिकामे हात यांमधलें अंतर होऊन बसतो. १९१४ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथील थोर स्पर्धेंत लास्करला साडेतेरा गुण मिळाले आणि कापाब्लांकाला तेरा. त्या स्पर्धेकडे मी पुन्हां येणार आहे.

आपल्याकडे हा खेळ नवा नाहीं. पैठणहून काशीस जाऊन राहिलेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठभट्टांनीं सतराव्या शतकांत 'भगवंतभास्कर' हा प्रचंड धर्मग्रंथ रचला; त्याच्या 'नीतिमयूख' या भागांत बुद्धिबळाचे नियम दिलेले आहेत, आणि घोडा पटावरील प्रत्येक घरीं एकेकदांच कसा फिरवावा हेंहि सांगितलें आहे. राजानें करमणूक कशी करावी हाहि शास्त्राचाच विषय, अशी त्या काळची दृष्टि. पुढें १८१४ सालीं मुंबईस त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचें बुद्धिबळावरील पुस्तक संस्कृतांतून इंग्रजींत होऊन प्रसिद्ध झालें. तें बहुतेक सर्व नाजूक स्थितींनीं भरलेलें आहे: अमुक मोहरीं अमुक घरीं आहेत, पाळी अमक्याची आहे, मात कशी करावी तें दाखवा. म्हणजे स्थिति मांडून तिचा विचार करावयाचा ही रीत मुंबईंत छापून निघाल्याला दोनशें वर्षें होऊन गेलीं.

परंतु जुन्या देशी खेळाचे नियम निराळे होते. प्यादें एका वेळीं एकच घर सरकें. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजीं शह बसला नसेल तोंवर राजास एकदां घोड्याप्रमाणें उडी घेतां येई. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें असें कीं, प्यादें शेवटच्या घरीं पोंचलें म्हणजे तें वाटेल तें मोहरें होत नसे; ज्या पट्टींतून गेलें त्या पट्टीचें मोहरें होई. घोड्याच्या पट्टींतलें प्यादें सरलें तर घोडाच मिळावयाचा, आणि एकट्या घोड्यानें मात होत नाहीं! आतांच्या नियमांत कोणतेंहि प्यादें वजीर होऊं शकतें. त्यामुळें एका क्षुद्र प्याद्याची किंमत वाढली आणि डावाच्या शेवटाला आजची धार आली. प्याद्यानें केलेली मात, म्हणजे प्यादेमात, हा आपल्या आजोबांच्या खेळांतला खरा मानाचा विजय. आजच्या स्पर्धेंत तिला वेगळा गुण नाहीं, पण प्याद्याचा मान मात्र पूर्वीपेक्षां मोठा आहे.

देशी नियमांवर वाढलेला माणूस काय करूं शकतो, याचें उदाहरण पंजाबच्या मीर सुलतान खान यांचें आहे. युरोपीय नियम ते मोठेपणीं शिकले. १९२९ सालीं आपल्या धन्याबरोबर इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षीं ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन बसले. पुढें १९३२ व १९३३ सालींहि त्यांनीं तें जिंकलें. १९३०-३१ च्या हेस्टिंग्स स्पर्धेंत त्यांनीं माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरविलें. पुस्तकी सुरुवातींचें त्यांचें ज्ञान कच्चें होतें, हें त्यांच्या चाहत्यांनींहि कबूल केलें आहे. डावाच्या सुरुवातीस अडचणींत येऊन मग शांतपणें, शेवटाकडे जातां जातां, तो सावरावयाचा असा त्यांचा खाक्या असे. जागतिक संघटनेनें त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर पदवी दिली ती २०२४ सालीं. तेव्हां त्यांच्या मृत्यूस अठ्ठावन्न वर्षें होत आलीं होतीं.

आतां पटच मांडूं. ज्यांच्या घरीं पट असेल त्यांनीं तो जवळ घ्यावा. उभ्या पट्ट्यांस पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशीं नांवें आहेत, आणि आडव्या पट्ट्यांस पांढऱ्याच्या बाजूकडून १ ते ८ असे आंकडे आहेत.

पांढऱ्याचा राजा ई ५ वर, त्याच्या पाठीशीं प्यादें ई ४ वर. काळ्याचा एकटा राजा ई ७ वर. दोन राजे समोरासमोर, मध्यें एक घर. आतां प्रश्न: पांढरा जिंकतो कीं बरोबरी होते? या प्रश्नाला उत्तर नाहीं, जोंवर पाळी कोणाची हें आपण विचारीत नाहीं तोंवर! पाळी काळ्याची असेल तर त्याला बाजू द्यावी लागते. तो डावीकडे सरला कीं पांढरा राजा उजवीकडून पुढें घुसतो, प्याद्यास वाट मोकळी करून देतो, आणि वजीर होतो. पाळी पांढऱ्याची असेल तर तोच बाजूस सरतो, काळा पुन्हां त्याच्या समोर येऊन उभा राहतो, आणि कितीहि खेळलें तरी बरोबरीच. मोहरीं तींच, घरें तींच. पण एका पाळीवर सबंध गुणाचें नशीब. हें ज्यास ठाऊक आहे तो दहा खेळ्या आधींच मोजतो कीं, आपण येथें पोंचूं तेव्हां पाळी कोणाची असेल. ज्यास ठाऊक नाहीं तो आपल्याकडे एक प्यादें अधिक आहे म्हणून निर्धास्त असतो, आणि उरलेलीं मोहरीं आनंदानें मारामारींत देऊन टाकतो.

दुसरी स्थिति रिचर्ड रेटी या बुद्धिमान गृहस्थानें १९२१ सालीं रचलेली आहे. पांढऱ्याचा राजा अगदीं कोपऱ्यांत, एच ८ वर. त्याचें प्यादें सी ६ वर. काळ्याचा राजा ए ६ वर. त्याचें प्यादें एच ५ वर. पाळी पांढऱ्याची. कोणीहि पाहिलें तर म्हणेल कीं पांढरा मेला. काळ्याचें प्यादें पुढें धांवणार, पांढरा राजा त्याच्या दोन पावलें मागें आहे, तो त्याला गांठूं शकत नाहीं. आणि आपल्या प्याद्याला वांचवावयास जावें तर तेंहि दूर, शिवाय काळा राजा त्याच्या शेजारींच. दोन्ही कामें स्वतंत्रपणें अशक्य. रेटीचा राजा काय करतो? तो तिरपा चालतो: जी ७, मग एफ ६, मग ई ५. पटावर तिरपें चालणें हें सरळ चालण्याइतकेंच जलद असतें, ही साधी गोष्ट आपण विसरतों, कारण जमिनीवर तसें नसतें. प्रत्येक पावलानें तो शत्रूच्या प्याद्याच्याहि जवळ येतो आणि आपल्या प्याद्याच्याहि. काळ्यानें आपलें प्यादें दामटलें तर पांढरा स्वतःच्या प्याद्याजवळ पोंचतो, आणि दोघांनाहि वजीर मिळतात. काळ्यानें थांबून पांढरें प्यादें मारलें तर तेवढ्या अवकाशांत पांढरा राजा एफ ४ वर येऊन काळें प्यादें गांठतो. कसेंहि केलें तरी बरोबरी. गेलेला अर्धा गुण परत मिळाला!

ही स्थिति मी मुलांस दाखवितों तेव्हां तीं टाळ्या पिटतात. परंतु टाळ्यांसाठीं ती दाखवावयाची नसते. स्थिति पारखणें म्हणजे काय, तें तींत उघड होतें. मोहरीं मोजणें म्हणजे पारखणें नव्हे. अमुक प्यादें वजीर होण्यास किती खेळ्या, त्यास गांठावयास किती, आणि कोणती एक खेळी दोन कामें करील, हा हिशेब म्हणजे पारख.

तिसरी गोष्ट हत्तींची, आणि ती स्पर्धेंत फार वेळां उपयोगीं पडते, कारण हत्ती सर्वांत उशिरा पटावर मोकळे होतात आणि सर्वांत शेवटपर्यंत टिकतात. एका बाजूस राजा, हत्ती आणि एक प्यादें; दुसऱ्या बाजूस राजा आणि हत्ती. पांढरा राजा डी ५ वर, प्यादें ई ५ वर, हत्ती ए ७ वर. काळा राजा ई ८ वर, प्याद्याच्या वाटेंत. काळ्यानें हत्ती कोठें ठेवावा? घाबरलेलें मूल तो राजाजवळ आणतें. फिलिदोर या फ्रेंच संगीतकारानें, हा गृहस्थ गीतनाट्यांना संगीत देई आणि फावल्या वेळीं त्या काळचा सर्वांत मोठा बुद्धिबळपटु होता, अठराव्या शतकांतच याचें उत्तर दिलें आहे. हत्ती सहाव्या आडव्या पट्टींत, समजा बी ६ वर, ठेवून स्वस्थ बसावें. पांढऱ्या राजास ती पट्टी ओलांडतां येत नाहीं. अखेर कंटाळून पांढऱ्यानें प्यादें ई ६ वर ढकललें कीं तत्क्षणीं हत्ती थेट खालीं, बी १ वर, न्यावा, आणि मागून शहावर शह द्यावे. प्यादें पुढें गेल्यामुळें आतां राजाला आडोसा उरलेला नसतो. बरोबरी. हें ज्ञान दोन मिनिटांत सांगून होतें. चौथ्या तासाला, तीस सेकंदांत, स्वतः शोधून काढणें मात्र थोरांनाहि जड जातें.

येथें कोणी म्हणेल, मास्तर, हें सर्व ठीक. पण शेवट येईल तेव्हां पाहूं, आधीं मधला डाव तर निभला पाहिजे! या शंकेचें उत्तर १९१४ च्या त्या सेंट पीटर्सबर्गच्या स्पर्धेंत आहे. लास्करला कापाब्लांकाविरुद्ध जिंकणें भाग होतें. सर्वांना वाटलें, तो कांहीं भयंकर हल्ला चढवील. त्यानें काय केलें, तर स्पॅनिश सुरुवातींत चौथ्याच खेळीला उंटानें घोडा मारला. काळ्यानें वजिराकडील प्याद्यानें तो उंट घेतला. त्यामुळें काळ्याचीं दोन प्यादीं सी पट्टींत एकामागें एक अडकलीं. मग मधल्या प्याद्यांची मारामारी झाली आणि वजीरहि लवकरच पटावरून गेले. आतां पटाकडे शेवटाच्या दृष्टीनें पाहा. समजा, राजे आणि प्यादीं ठेवून बाकीचीं सर्व मोहरीं उचललीं. राजाच्या बाजूस पांढऱ्याचीं चार प्यादीं, काळ्याचीं तीन. तेथें पांढऱ्याला एक मोकळें प्यादें निर्माण करतां येतें. दुसऱ्या बाजूस काळ्याचीं चार, पांढऱ्याचीं तीन. पण काळ्याचीं दोन एकाच पट्टींत असल्यामुळें, पांढऱ्यानें नीट अडवून धरलें तर त्या चारांतून मोकळें प्यादें निघत नाहीं. म्हणजे चार असून किंमत तीनांची! चौथ्या खेळीची ही पारख चाळिसाव्या खेळीकडे पाहून केलेली आहे. काळ्याला मोबदला म्हणून दोन उंट असतात, आणि ते जोरदार असतात, हेंहि खरें. म्हणूनच ही सुरुवात म्हणजे कांहीं मंत्र नव्हे. पण काळ्याच्या डोक्यावर तो शेवट टांगलेला राहतो, आणि त्याला स्वस्थपणें मारामारी करतां येत नाहीं. लास्करनें तो डाव जिंकला, आणि अर्ध्या गुणानें स्पर्धाहि. प्याद्यांच्या शेवटापर्यंत जावेंसुद्धां लागलें नाहीं.

गंमत अशी कीं, हरलेल्या कापाब्लांकानेंच पुढें १९२१ सालीं नवशिक्यांसाठीं पुस्तक लिहिलें तेव्हां आरंभींच सोप्या माता आणि साधे शेवट घातले. सध्यां बाजारांत मुलांसाठीं जीं पुस्तकें येतात त्यांत सुरुवातीचे सापळे पुढें आणि शेवट मागें, तोहि थोडक्यांत आटोपलेला, अशी बहुधा तऱ्हा असते. छापणारांस खपाची काळजी असते, हें मी समजूं शकतों.

आतां संगणकाविषयीं दोन शब्द. आजचें यंत्र कोणत्याहि स्थितीला आंकडा देतें: पांढरा अर्ध्या प्याद्यानें वर, काळा दीड प्याद्यानें वर. पटावर राजांसह सात किंवा कमी मोहरीं असतील तर त्याला अंदाजहि करावा लागत नाहीं. तशा सर्व स्थितींचीं बिनचूक उत्तरें २०१२ सालींच काढून ठेवलेलीं आहेत. अशा साधनाचा अव्हेर करणें वेडेपणाचें होईल. परंतु दहा वर्षांचा मुलगा मला आपला डाव दाखवितांना "येथें मी शून्य पूर्णांक सात वर होतों" असें म्हणतो, आणि कां वर होतास असें विचारलें तर छताकडे पाहतो, तेव्हां गणिताच्या पुस्तकाच्या शेवटीं छापलेलीं उत्तरें उतरवून आणणाऱ्या विद्यार्थ्यांची मला आठवण होते. उत्तर बरोबर, रीत कोरी; आणि परीक्षेच्या दालनांत तें पुस्तक जवळ नसतें.

शेवट खेळण्याचा सराव कोणाशीं होतो, हाहि विचार करण्याजोगा प्रश्न आहे. दुबळा प्रतिस्पर्धी आपल्याला शेवटापर्यंत नेतच नाहीं. तो विसाव्या खेळीला वजीर गमावून उठतो. शेवट शिकावयाचा तर समोर चिवट माणूस पाहिजे. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ सालीं बंगलोर येथें झाली, ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनीं जिंकली. त्यांची धाकटी बहीण रोहिणी १९७६ सालीं, अवघ्या तेराव्या वर्षीं, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत खेळावयास बसली, तेव्हां मोठा गहजब झाला. मुलीनें पुरुषांच्या स्पर्धेंत कां यावें, असा आक्षेप! तिचे वडील, 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर, यांना उच्च न्यायालयापर्यंत जावें लागलें; आणि अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे, जे स्वतः माजी जगज्जेते होते, यांनीं निर्णय दिला कीं राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळतां येणार नाहीं. तो वाद मानापमानाचा होताच. पण मला त्यांत शिक्षणाचा प्रश्न अधिक दिसतो. ज्या मुलीस चिवट प्रतिस्पर्ध्यासमोर बसूं दिलें जात नाहीं, तिचें शेवटाचें शिक्षण पुस्तकांतच राहतें. रोहिणी खाडिलकर १९८१ सालीं आशियाई विजेत्या झाल्या. सांगलीच्या भाग्यश्री साठे, पुढें ठिपसे, पांच वेळां राष्ट्रीय विजेत्या झाल्या. त्या सांगलींत नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१ सालापासून स्पर्धा भरवीत आलें आहे, आणि ज्या गांवीं वर्षानुवर्षें स्पर्धा भरतात तेथें मुली घडतात, यांत नवल नाहीं.

आपल्या खानदेशासहि आतां अशी संधि दूर राहिलेली नाहीं. शेजारच्या नाशिकचे विदित गुजराथी २०१३ सालीं ग्रँडमास्टर झाले आणि २०२४ सालीं टोरांटो येथें जगज्जेत्यास आव्हान देणाराची निवड करणाऱ्या स्पर्धेंत आठांपैकीं एक म्हणून बसले. २०२५ च्या ऑगस्टांत, दिव्याच्या विजयानंतर थोड्याच दिवसांनीं, जळगांवला जैन हिल्सवर अकरा वर्षांखालील मुलामुलींच्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुलें आलीं.

स्पर्धेस मूल नेणें स्वस्त नाहीं. प्रवेशशुल्क, गाडीभाडें, मुक्काम, आणि नऊ फेऱ्या म्हणजे बापाची तितक्या दिवसांची रजा. इतकें करून मूल दालनाबाहेर आलें कीं दारांतच विचारतात, "काय झालें? जिंकलास?" मूल मान खालीं घालतें, आणि मग दुसऱ्या फेरीपर्यंत सर्व घर मौनांत जेवतें. माझी पालकांस एवढीच विनंति आहे कीं निकालाची चौकशी आधीं करूं नये. मुलानें स्वतःच्या हातानें खेळ्या लिहून आणलेल्या असतात. रात्रीं मुक्कामाच्या जागीं तो कागद घ्यावा, पटावर शेवटच्या पंधरा खेळ्या मागून पुढें नव्हे, तर शेवटच्या खेळीपासून एकेक पाऊल मागें जात मांडाव्या, आणि प्रत्येक ठिकाणीं त्याला एकच विचारावें: येथें अजून बरोबरी होती काय? एका ठिकाणीं तें "होती" असें म्हणेल. तेथें थांबावें. यासाठीं वडिलांना बुद्धिबळ उत्तम यावें लागतें असें नाहीं. आईला तर बहुधा अधिक चांगलें जमतें, कारण तिला त्या डावांत आपली हार झाल्यासारखें वाटत नाहीं.

जातां जातां एक स्थिति सांगतों. ती आज रात्रीं मांडून पाहावी. पांढऱ्याचा राजा डी ६ वर, प्यादें सी ६ वर. काळ्याचा राजा सी ८ वर. बाकी पट रिकामा. पाळी पांढऱ्याची असली तर निकाल काय, आणि काळ्याची असली तर काय? संगणक आज बंद ठेवावा.